गाणं शिकणाऱ्या मुलांसाठी रेकॉर्डर घेताय? आधी तंबोऱ्याची परीक्षा घ्या

आमच्या क्लासात जूनमध्ये नवीन मुलं येतात आणि दिवाळीपर्यंत कुणाचे ना कुणाचे आईबाबा विचारतातच, ताई, रेकॉर्डर कुठला घेऊ? मी स्वतः गाणं शिकते, लेकही शिकते, आणि आमच्या गाण्याच्या बाईंच्या घरी होणाऱ्या बैठकींचं रेकॉर्डिंग गेली काही वर्षं माझ्याकडेच असतं, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. प्रवेशिका-मध्यमा या गाण्याच्या परीक्षांच्या आसपास असलेली, साधारण दहा ते अठरा वयाची मुलं डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, हिंदुस्थानी कंठसंगीत धरून. अभंग, नाट्यगीत, भावगीत गाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं चालेल.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. शिकणाऱ्या मुलाला रेकॉर्डर लागतो तो स्वतःचं गाणं आहे तसं ऐकायला. गोड करून, साफ करून, उचलून दाबून ऐकवणारा नको. बाजारातल्या बऱ्याच वस्तू मात्र नेमकं तेच करतात आणि तेच कौतुकाने खोक्यावर छापतात.

मोबाईल पुरतो का, ते आधी बघा

सुरुवातीच्या वर्षाला पुरतो. अलंकार, पलटे, छोटा ख्याल पाठ करायचा, बाईंनी सांगितलेली बंदिश विसरू नये म्हणून टिपून ठेवायची, एवढंच असेल तर लगेच पैसे घालू नका. पण मोबाईलची मुख्य अडचण अशी की त्याचा माईक आणि आतलं सॉफ्टवेअर बोलण्यासाठी जुळवलेलं असतं. फोनवर बोलताना मागे पंखा, एसी, गाड्यांचा आवाज सतत चालू असतो आणि समोरच्याला तो ऐकू जाऊ नये म्हणून फोन सतत एकसारखा चालणारा आवाज ओळखून कापून टाकतो. आता विचार करा, आपल्या गाण्यात सतत एकसारखा चालणारा आवाज कुठला? तंबोरा! फोनला तो पंख्यासारखाच वाटतो. काही फोनमध्ये हे बंद करता येतं, काही ॲप्समध्ये कच्चा आवाज घ्यायची सोय असते, ते सापडलं तर मोबाईलवरच आणखी वर्षभर निभावेल. शिवाय फोनवर तानपुरा लावलेला असतो, मध्येच आजीचा फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं, ती कटकट वेगळीच.

तर मोबाईल पुरतोय की नाही आणि दुकानातला रेकॉर्डर घ्यावा की नाही, दोन्हीला एकच परीक्षा आहे.

तंबोऱ्याची परीक्षा

खोलीत तंबोरा किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावा, रेकॉर्डर दीड मीटरवर ठेवा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. पहिली दोन मिनिटं कुणी काही गायचं नाही, बोलायचं नाही. नुसता तंबोरा. मग मुलाने मध्य सा लावायचा, हळू, मग मंद्रात खाली जायचं, मग एकदम तार सा मोकळ्या आवाजात लावायचा आणि पटकन थांबायचं. थांबल्यावर परत पंधरा सेकंद नुसता तंबोरा. झालं.

आता हेडफोन लावून ऐका. तीन गोष्टी बघायच्या. नुसत्या तंबोऱ्याची जी दोन मिनिटं आहेत त्यात पहिल्या दहा सेकंदांत आवाज भरलेला आणि नंतर हळूहळू विरळ, पाण्याखाली गेल्यासारखा होतो का? होत असेल तर नॉईज कमी करणारी सेटिंग चालू आहे. दुसरं, तार सा लावल्याबरोबर तंबोरा एकदम मागे ढकलला गेला आणि गाणं थांबल्यावर पुढच्या दोनतीन सेकंदांत फुगत फुगत वर आला का? तसं असेल तर ऑटो लेव्हल चालू आहे. तिसरं, हळू लावलेला मंद्र आणि मोकळा तार सा दोन्ही जवळजवळ सारख्याच जोरात ऐकू येतायत का? तेही ऑटो लेव्हलचंच काम.

ऑटो लेव्हल म्हणजे यंत्र स्वतःच आवाज कमीजास्त करत राहतं, हळू बोललं की वाढवतं, ओरडलं की दाबतं. मीटिंगचं रेकॉर्डिंग करायला उत्तम आहे ते. पण गाण्यातला लहानमोठा आवाज, ज्याच्यावर बाई महिनोन् महिने मेहनत घेतात, तो सगळा इस्त्री मारल्यासारखा सपाट होऊन जातो. मुलाला वाटतं आपलं छान सारखं चाललंय.

हे मी एवढ्या आग्रहाने सांगते कारण आमच्या घरी झालंय. लेकीसाठी पहिला रेकॉर्डर घेतला तो ऑफिसात वापरतात त्यातला होता, कंपनीचं नाव घेत नाही, त्यांच्या कामाला तो चांगलाच असेल. त्यात आवाज साफ करायची सेटिंग पहिल्यापासून चालू होती आणि आम्हाला माहीतच नाही. दोन आठवडे तिने रोज भूप रागाचा रियाज रेकॉर्ड केला आणि रोज ऐकून म्हणायची, आई, माझा गंधार टेकतच नाहीये, आधाराला काही लागतच नाही. ती गाताना सुरात होती, मी समोर बसून ऐकत होते. पण रेकॉर्डिंगमध्ये तिच्या गंधाराखाली तंबोराच उरला नव्हता! षड्ज ऐकू येत नसेल तर गंधार कशाच्या संदर्भाने ऐकायचा? दोन आठवडे पोरगी खट्टू होती आणि चूक तिची नव्हतीच. शेवटी बाईंनी हेडफोन लावून ऐकलं, एका मिनिटात काढून ठेवला आणि म्हणाल्या, "अगं यात तंबोरा कुठाय?"

म्हणून रेकॉर्डर घेताना पहिली अट हीच ठेवा: नॉईज कट पूर्ण बंद करता आला पाहिजे आणि लेव्हल हाताने लावता आली पाहिजे, म्हणजे ऑटो बंद. हे दोन नसतील तर बाकी कितीही सोयी असल्या तरी तो आपल्या कामाचा नाही.

लो कट नावाची एक सेटिंग असते, तिच्याकडे लक्ष

ही पंख्याची घरघर आणि रस्त्यावरची गडगड काढायला असते, ठरावीक आकड्याच्या खालचा आवाज ती कापते. तो आकडा ८०, १००, १२० हर्ट्झ असा काहीतरी निवडायचा असतो. आता आपला हिशोब करा. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी सा धरून, गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, साधारण ६९ हर्ट्झला असतो. ८० चा लो कट लावला की खर्जाच्या तारेचा पायाच उडाला. काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीचा खर्ज १०४ च्या आसपास येतो, तिला ८० चालून जाईल पण १२० नाही. मी तर रियाजाला तो बंदच ठेवते आणि पंखाच बंद करते, मे महिन्यातसुद्धा, वीस मिनिटांचा प्रश्न असतो.

आता वस्तू कुठली

ढोबळमानाने दोन जाती आहेत. एक बोलणं टिपणारे व्हॉईस रेकॉर्डर, पेनासारखे सडपातळ, खिशात मावणारे. दुसरे संगीतासाठी केलेले, ज्यांच्या डोक्यावर दोन माईक दिसतात, एकतर एकमेकांवर तिरके किंवा बाजूबाजूला. आपल्याला दुसरी जात हवी.

पहिल्या जातीतला एक अपवाद करता येईल, सोनीचा आयसीडी-पीएक्स ४७०. त्यात एमपीथ्रीसोबत साधं न दाबलेलं रेकॉर्डिंगही करता येतं, ४ जीबी आतच असतं, वर कार्ड घालता येतं आणि यूएसबीची खुंटी अंगातच असल्यामुळे वायर न शोधता कॉम्प्युटरला लावता येतो. तालीम टिपून घरी पाठांतर करायला बरा. पण आवाजाचा पोत, श्वास, स्वरलगाव ऐकायचा असेल तर पुढे जा.

झूमचा एच १ एन हा कित्येक विद्यार्थ्यांकडे दिसेल. २०१८ साली आला, हातात मावतो, वर दोन तिरके माईक, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे समोरच लेव्हलचं गोल बटण आहे. मेनूत शिरायचं नाही, फिरवायचं आणि झालं. दहा वर्षांच्या मुलालाही जमतं. बाहेरचं अंग प्लास्टिकचं आहे त्यामुळे हातात धरून रेकॉर्ड केलं तर बोटं सरकल्याचा खरखराट येतो, तो खाली ठेवूनच वापरायचा. कार्ड ३२ जीबीपर्यंतच चालतं, मोठं आणू नका.

त्याच घरातला नवा एच १ इसेन्शियल, २०२४ चा. हा ३२ बिट फ्लोट पद्धतीने रेकॉर्ड करतो. म्हणजे सोप्या भाषेत काय, तर लेव्हल लावायचीच नाही. हळू गायलं तरी नंतर वाढवता येतं आणि जोरात गायलं तरी आवाज फाटत नाही, फाटल्यासारखा दिसला तरी नंतर खाली आणला की आतलं गाणं शाबूत असतं. लेव्हल विसरणाऱ्या मुलांना वरदान आहे. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. हे ऑटो लेव्हल नाही बरं का, यात लहानमोठा आवाज जसाच्या तसा राहतो, म्हणून तंबोऱ्याच्या परीक्षेत पास होतो. आणि त्या फाईली सगळ्या मोबाईलवर, सगळ्या ॲपमध्ये सरळ वाजतीलच असं नाही, आधी कॉम्प्युटरवर ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडून नेहमीच्या प्रकारात सेव्ह कराव्या लागतात. घरात कॉम्प्युटर नसेल किंवा त्यावर बसायला कुणाला वेळ नसेल तर हा घेऊन पस्तावाल.

तिसरा पर्याय टॅस्कमचा. डीआर-०५ एक्स आणि डीआर-०७ एक्स ही दोन भावंडं दिसायला सारखी, पण माईक वेगळे आहेत आणि दुकानात हा फरक कुणी सांगत नाही. ०५ चे माईक चारी बाजूंचं सारखंच ऐकतात. ०७ चे माईक समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकतात, आणि ते वळवताही येतात. घर शांत असेल, खोली बऱ्यापैकी भरलेली असेल, पुस्तकं पडदे गाद्या, तर ०५ चा आवाज मोकळा आणि नैसर्गिक येतो. खिडकीखाली रिक्षास्टँड असेल, शेजारी कुकरच्या शिट्ट्या असतील, तर ०७ सारखाच घ्या आणि त्याची पाठ खिडकीकडे करा. या दोघांत पट्टी न बदलता वेग निम्म्यापर्यंत कमी करून ऐकता येतं. मला ही सोय फार मोलाची वाटते, तानेत कुठला स्वर गिळला जातोय ते निम्म्या वेगात स्वच्छ कळतं, पूर्ण वेगात बाईंच्या कानालाच कळतं, आपल्याला नाही.

याच्या वरचे, बाहेरून मोठे माईक जोडता येणारे, झूमचे एच ४, एच ५ वगैरे, ते मुलांसाठी आत्ता नको. जड, महाग, बटणं खूप, आणि पोरं मग त्या बटणांतच रमतात. कार्यक्रम करायला लागतील तेव्हा बघू.

माझं मत विचाराल तर पहिला रेकॉर्डर म्हणून गोल बटणवाला एच १ एन किंवा टॅस्कमचा ०७ वाला. दोन्हींत निवडताना मुलाच्या हातात द्या आणि सांगा, रेकॉर्ड कर, थांबव, परत ऐक. न सांगता ज्याच्यावर जमेल तो घ्या.

दुकानात गेल्यावर

मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारा, पुण्यात कॅमेऱ्याच्या किंवा वाद्यांच्या मोठ्या दुकानात विचारा, गावात असाल तर ऑनलाईन मागवावं लागेल. कुठूनही घ्या पण पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी घ्याच. बाहेरून आणलेला माल स्वस्तात मिळतो खरा पण बिघडला की कुणी हात लावत नाही.

हेडफोन वायरचे घेऊन जा, स्वतःचे. दुकानदाराला सांगून एक मिनिट काहीही न बोलता रेकॉर्ड करा, लेव्हल बरीच वर ठेवून, आणि ऐका. सगळ्याच रेकॉर्डरमध्ये थोडी श्श्श असते, पण काहींत ती एवढी असते की पहाटेच्या खर्जाच्या रियाजात तंबोऱ्यापेक्षा श्श्शच जास्त ऐकू येईल. दोन मॉडेल शेजारी ठेवून ऐकलं की फरक लगेच कळतो. मागे खाली कॅमेऱ्याच्या स्टँडला लागतो तसा स्क्रूचा आटा आहे का बघा, घरातला कुठलाही छोटा ट्रायपॉड मग चालतो. फोमची टोपी मिळत असेल तर घ्या.

कार्ड मात्र चांगल्या दुकानातूनच. बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे, वर ३२ लिहिलेलं असतं आणि आत जेमतेम ८ असतं, आठ भरले की पुढचं रेकॉर्डिंग गायब. आणल्याबरोबर कॉम्प्युटरवरून एकदा पूर्ण भरून, परत उघडून तपासा आणि मग रेकॉर्डरमध्ये घालून रेकॉर्डरच्याच मेनूतून फॉरमॅट करा.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी

तारीख वेळ लावा. बरेच जण हे सोडून देतात आणि मग सगळ्या फाईलींवर १ जानेवारीच. 

फॉरमॅट वेव्ह ठेवा, म्हणजे न दाबलेला, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. ९६ ची काही गरज नाही, माणसाच्या कानाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं आणि ४८ मध्ये ते सगळं बसतं, ९६ ने फक्त कार्ड दुप्पट वेगाने भरतं. २४ बिट ४८ ला तासाला साधारण १ जीबी लागतो, म्हणजे ३२ च्या कार्डात तीसएक तास. एमपीथ्री केलंत तर १२८ केबीपीएसला तासाला ६० एमबीपेक्षाही कमी, पण मग तंबोऱ्याची झार जाते, तारांतून आपोआप उमटणारे वरचे बारीक स्वयंभू स्वर पुसट होतात. बाईंचं बोलणं टिपायला एमपीथ्री चालेल, गाणं टिपायला वेव्ह.

मग ऑटो लेव्हल बंद, नॉईज कट बंद, लो कट बंद. लिमिटर असेल तर तो चालू ठेवलात तरी चालेल, तो फक्त एकदम मोठा आवाज आला तरच मध्ये पडतो, पण लेव्हल नीट लावली तर त्याला काम पडूच नये.

सेल चार्ज होणारे घ्या, दोन जोड्या. मेनूत सेलचा प्रकार विचारतात तिथे चार्जवाला निवडा, नाहीतर भरलेला सेलसुद्धा अर्धा दाखवतो. मोबाईलच्या चार्जरवर लावून रेकॉर्ड करायचं टाळा, स्वस्त चार्जर असेल तर बारीक गुणगुण येते आणि ती नेमकी कुठल्यातरी स्वराशी भांडत बसते. परीक्षेच्या सुट्टीत महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, आणि कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीतल्या त्या पुड्या टाकून ठेवा.

लेव्हल लावायची कशी

पडद्यावर उणे आकडे दिसतात, शून्य म्हणजे छत. आवाज छताला लागला की फाटला, आणि फाटलेलं परत शिवता येत नाही (३२ बिट फ्लोटवाले सोडून). मुलाला सांगा, तुझा सगळ्यात वरचा, सगळ्यात मोकळा स्वर लाव. लाजून नाही, रंगात आल्यावर लागतो तसा. त्या वेळी आकडा उणे १२ च्या आसपास राहील एवढंच बटण फिरवा. मध्य सप्तकात मग उणे २५-३० दिसेल आणि तुम्हाला वाटेल फार कमी आहे, असू दे. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, नंतर वाढवता येतं. लेव्हल एकदा लावली की तुकडा संपेपर्यंत हात लावायचा नाही. आणि रोज तीच ठेवायची, तीच जागा, तेच अंतर, म्हणजे आजचं आणि महिन्यापूर्वीचं गाणं शेजारी ठेवून ऐकता येतं.

ठेवायचा कुठे

पेटीवर ठेवू नका! सगळे पहिल्यांदा तिथेच ठेवतात कारण सपाट जागा दिसते. भाता आणि पट्ट्यांची टकटक सगळी आत जाते आणि गाणं मागे. मांडीवर, सतरंजीवर नको, तबल्याचा ठेका जमिनीतून धप्प धप्प येतो. ट्रायपॉडवर किंवा उशी घातलेल्या स्टुलावर, बसलेल्या मुलाच्या तोंडाच्या उंचीला किंवा किंचित खाली, एक ते सव्वा मीटर समोर. यापेक्षा फार जवळ घेतलात तर प, भ ला फुप्प येतं आणि आवाज खोटा घुमारदार होतो, मुलांना तो आवडतो पण तो त्यांचा नसतो.

तानपुरा मोबाईल ॲपवर असेल तर फोन रेकॉर्डरपासून लांब ठेवा आणि फ्लाईट मोडवर. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्ज मुळात येतच नाही, तो रेकॉर्डरमध्ये कुठून येणार, तेव्हा बऱ्यापैकी स्पीकरला जोडा आणि तो मुलाच्या मागे किंवा बाजूला ठेवा, खरा तंबोरा धरून बसतात साधारण तिथेच. साथीला तबला असेल तर रेकॉर्डर गाणाऱ्याच्या जवळ, तबलजीपासून लांब, आणि थोडा गाणाऱ्याकडे वळवलेला. एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकायचं, मग सरकवायचं, परत एक मिनिट. दोनतीनदा सरकवलं की जागा सापडते, मग त्या जागी फरशीवर चिकटपट्टीची खूण करा.

तालीम रेकॉर्ड करायची असेल तर

आधी विचारायचं. दरवेळी. "बाई, आजचं घेऊ का?" एवढंच, पण विचारायचं. दप्तरात रेकॉर्डर चालू करून ठेवायचा नाही. गुरू समोर बसवून जे देतात ते त्या मुलासाठी असतं, मध्येच स्वतःचं काहीतरी शोधत असतात, कधी आवाज लागलेला नसतो, कधी रागावतात, ते ग्रुपवर फिरायला दिलेलं नसतं. बाई नाही म्हणाल्या तर नाही. आमच्या बाई बंदिश सांगताना पहिल्या दिवशी रेकॉर्ड करूच देत नाहीत, कानाने घे म्हणतात, दुसऱ्या दिवशी पाठ म्हणून दाखवली की मग घे म्हणतात, आणि मला हे आता पटतं, कारण लाल दिवा चालू असला की कान आळशी होतो.

आणि लाल दिव्यावरून आठवलं. काही रेकॉर्डरमध्ये बटण एकदा दाबलं की फक्त तयारी होते, दिवा लुकलुकतो, दुसऱ्यांदा दाबल्यावर खरं रेकॉर्डिंग सुरू होतं आणि दिवा स्थिर होतो. एका गुरुवारी बाईंनी त्यांच्या गुरूंकडून आलेली बिहागची एक जुनी बंदिश सांगितली, कुठे छापलेली नाही, तासभर एकेक जागा दाखवत. मी रेकॉर्डर ठेवला, बटण दाबलं, दिवा लागलेला बघितला आणि डोळे मिटून ऐकत बसले. घरी येऊन बघते तर फाईलच नाही. दिवा लुकलुकत होता तो मी नीट बघितलाच नव्हता. बाईंनी नंतर परत सांगितली, पण त्या दिवशी पंचमावरून गंधारावर येताना जे झालं होतं ते परत आलं नाही. तेव्हापासून माझी सवय अशी की दिवा नाही, पडद्यावरचे सेकंद पळतायत का ते बघायचं. १, २, ३ पळताना दिसले की मगच बसायचं. मुलांनाही हेच शिकवा. संपल्यावर आधी स्टॉप, मग दोन सेकंद थांबून बंद, चालू असताना सेल काढले तर फाईल खराब होते.

रोजचा वापर

सुरुवातीला मुलाने बोलायचं: तारीख, पट्टी, राग, ताल. "काळी चार, यमन, विलंबित एकताल." मग अर्धा मिनिट नुसता तंबोरा, मग गाणं. फाईलचं नावही तसंच द्या, तारीख आधी, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात.

सगळा रियाज रेकॉर्ड करू नका. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांनी पहिल्या तबकड्यांसाठी गायलं तेव्हा एका तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावायची, त्यात आख्खा राग उभा करायचा. आपल्याकडे तीस तास आहेत म्हणून मुलं तीस तास भरून ठेवतात आणि एक मिनिट ऐकत नाहीत. आमच्याकडे ठरलेलं आहे, दिवसाला फक्त दहा मिनिटं घ्यायची आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी रियाजाच्या आधी ऐकायची, हेडफोनवर, रेकॉर्डरच्या पिटुकल्या स्पीकरवर नाही. लगेच गायल्यावर ऐकलं तर कानात आपण काय गायला गेलो होतो तेच असतं, रात्र गेली की काय गायलो ते ऐकू येतं. ऐकताना वही घ्यायची आणि एकच गोष्ट बघायची, आज फक्त समेवर येणं, उद्या फक्त निषाद. "४ मि. १० से., निषाद उतरला" एवढं लिहायचं. आईबाबांनी शेजारी बसून चुका काढायच्या नाहीत, ते काम बाईंचं.

मुलगा असेल आणि बारा ते पंधराच्या मध्ये असेल तर आणखी एक करा. महिन्याला एक रेकॉर्डिंग कायमचं जपून ठेवा, तोच राग, तोच आलाप. आवाज फुटायला लागला की पोरं घाबरतात, गाणं सोडतात. अशा रेकॉर्डिंगवरून बाईंना कळतं की कुठली पट्टी आता ताणते आणि किती खाली यायला हवं, आणि मुलालाही दिसतं की आवाज गेला नाहीये, उतरून दुसरीकडे बसतोय. माझ्या भाच्याचे असे चौदा महिने आहेत माझ्याकडे.

महिन्याअखेरीस कार्ड कॉम्प्युटरवर उतरवा, शिवाय आणखी एका जागी कॉपी, आणि दोन्ही ठिकाणी फाईली उघडून वाजवून बघितल्यावरच कार्ड रिकामं करा. बाईंना पाठवायचं असेल तर पाचेक मिनिटांचा तुकडा कापून चांगल्या प्रतीच्या एमपीथ्रीत पाठवा, डॉक्युमेंट म्हणून, व्हॉईस मेसेज म्हणून नको, तो बोलण्यासाठी दाबून पाठवला जातो. ऑनलाईन स्पर्धेला व्हिडिओ मागतात तेव्हा मोबाईलने चित्र आणि रेकॉर्डरने आवाज असं एकाच वेळी घ्या, दोन्ही चालू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजवा, नंतर त्या टाळीवर दोन्ही जुळवता येतात. मात्र स्पर्धेच्या नियमात वेगळा आवाज जोडलेला चालतो का ते आधी वाचा.

आणि तंबोऱ्याची परीक्षा दर दोनतीन महिन्यांनी परत घ्या, पोरं बटणं दाबतात, ऑटो कधी चालू होतं कळत नाही. परवाच आमच्या लेकीच्या रेकॉर्डिंगमध्ये तार सा नंतर तंबोरा फुगताना ऐकू आला. तिलाच आधी कळलं, मला नंतर.